बारा तसू

मुरारच्या छावणीतून तो पहिल्यांदा आला
तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं.
हैबत दरेकर, शिपाई.
लाल कोटाच्या बाह्या बोटांवर लोंबत होत्या.
म्हणाला, "रेळेकर, पलटणीनं मला
दुसऱ्याच कुणाच्या तरी कोटात घातलंय."
मी दोरा घेतला. मला आकडे येत नाहीत,
गाठी मारतो. छाती तीस तसू, गळा बारा.
माझ्या धोंडूचंही माप हेच.
धोंडू दरबारच्या पागेत, त्याला सवड कधीच नसे,
मग त्याची बाराबंदी मी हैबतच्या अंगावर टाचायचो.
तो निमूट उभा राहायचा, चणे खात.

पाच वर्षांत जमादार. गळपट्टीला कलाबतू.
साहेब आपल्याला नावानं हाक मारतो
हे त्यानं मला तीनदा सांगितलं, एकाच दुपारी.

मग ज्येष्ठातली ती रात्र. छावणीवर लाल उजेड,
दौलतगंजात कुत्रीसुद्धा गप्प.
पहाटे दार वाजलं. हातांना काजळी.
"बटणं काप."
पितळेची नऊ.
कापताना कात्री एकदा घसरली,
त्याच्या गळ्यावर ओरखडा. तो हसला.
मजुरी द्यायची राहिली, मीही मागितली नाही.

काल्पीहून बातम्या यायच्या, कानपुराहून यायच्या.
हैबतच्या हाताखाली दोनशे. हैबतच्या हाताखाली हजार.
हैबतनं एका गावचा पाटील चिंचेला टांगला,
का, तर त्यानं दोन्हीकडच्या घोड्यांना पाणी पाजलं.
ही गोष्ट बाजारात लोक हळू आवाजात सांगत,
पण सांगत.

वर्षानं परतला तो तोफांसकट.
त्या सकाळी मुरारच्या माळावर दरबारचीच फौज
दरबाराकडे पाठ करून उभी राहिली.
पागेतले थोडे लढले.
धोंडू त्या थोड्यांत.

तिसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर किनखापाचं ठाण,
मागून तो. आता सगळे सरदार म्हणत.
ठाण मी ओळखलं. गोधाशेटच्या मुलीचं लग्न होतं,
मीच ते बाजूला ठेवायला सांगितलं होतं.
"माप घे."
"माप आहे."
"धोंडूचं कळलं," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं,
"तो बाजूला झाला असता तर..."
किनखापाला कात्री जड जाते.
मी कापत राहिलो.

अंगरखा त्यानं पंधरा दिवससुद्धा घातला नसेल.
दरबार परत आला, गोरे आले, रस्त्यांवर पाणी शिंपडलं,
गोधाशेट दुकानाबाहेर बत्तासे वाटत होता
त्याच हातांनी, ज्यांनी हैबतला नजराणा दिला होता.
मला त्याचा राग आला नाही. मीही कपडे शिवलेच होते.

पौषात, मध्यरात्री, मागच्या दारानं:
दाढी, अनवाणी पाय, टाचांना भेगा.
"बैराग्याची कफनी. आत्ता."
दोरा लावला. छाती सव्वीस.
गळा बाराच.
तो भिंतीला टेकून झोपी गेला, तोंड उघडं,
धोंडू झोपायचा तसा. किंवा तसा नसेल,
आता नीट आठवत नाही.

कफनीच्या घेराला आतून दुमड असते.
त्या दुमडीत मी एक पितळी बटण ठेवलं
आणि वरून टीप मारली.
बायको बघत होती. म्हणालो,
जुनी वस्तू आहे, असू दे त्याच्यापाशी.
तिनं काही न बोलता दिवा बारीक केला.

सिप्रीच्या नाक्यावर शिपायानं कफनी चाचपली.
पुढचं लष्करात सगळ्यांना ठाऊक आहे,
दोराचं माप कुणी घेतलं, तेवढं सोडून.

सध्या नव्या पलटणीचे साठ कोट शिवतोय.
बटणं सरकार मोजून देतं.
माझ्या डब्यात आठ आहेत, ती मी वापरत नाही.
खुंटीवर दोघांचे दोरे एकमेकांत गुंतलेत.
एकावर सव्विसाला जादा गाठ आहे,
तेवढ्यावरून कळतं कुणाचा कोणता.